चिचुंद्रीची लाळ

चिचुंद्रीला मारायचं म्हणजे तिला काचेच्या बरणीत सोडायचं, भुलीच्या औषधात भिजवलेला कापसाचा बोळा आत टाकायचा आणि झाकण लावून बघत राहायचं. ती आधी काचेवर नाक घासते. लांब, ओलसर, सारखं थरथरणारं नाक. मग मागचे पाय फाकतात, पोट तळाला टेकतं. आमचे सर बाजूला उभे राहून सांगायचे, "नजर हलवायची नाही. पाय ताणले की लगेच बाहेर. उशीर केलास तर लाळ सगळी तोंडात उतरते आणि ग्रंथी रिकामी हाताला लागते." पहिल्या वेळी माझे डोळे भरून आले. सरांनी ते पाहिलं. म्हणाले, "रडून घे. पण ट्रेमध्ये पाणी पडू देऊ नकोस, नमुना वाया जाईल."

माझा पीएचडीचा विषयच हा होता. उत्तर अमेरिकेत चिचुंद्रीची एक जात आहे, तिच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीत विष असतं. ती किड्याला चावते ते मारायला नाही, पांगळं करायला. हलता येत नाही पण जीव आहे, असे किडे ती बिळात रचून ठेवते आणि भूक लागेल तसे खाते. त्या विषातले काही बारीक तुकडे, ज्यांना पेप्टाइड म्हणतात, ते वेगळे काढले गेले तेव्हा एक गंमत कळली. ज्या प्रथिनातून ते तुकडे कापले जातात, त्याच प्रथिनातून आपल्या अंगात दुखणं शमवणारे तुकडेही तयार होतात. ते प्रथिन गाईत आहे, घुशीत आहे, माणसात आहे. मग आपल्या मोरीतून, धान्याच्या पोत्यांमागून फिरणाऱ्या चिचुंद्रीच्या ग्रंथीत तसलं काही सापडतं का, एवढं मला बघायचं होतं.

सर त्याला 'विषाच्या नात्यातलं' म्हणायचे. "विष म्हणायचं नाही," ते मला बजावायचे. "नात्यातलं म्हण. खुन्याचा चुलतभाऊ खुनी असतोच असं नाही." आणि स्वतःच्या विनोदावर एकटेच हसायचे.

चिचुंद्र्या मिळवणं माझ्याकडं होतं. परवानगी रीतसर होती, पण परवानगीनं जनावर मिळत नाही. मी उंदराचे तारेचे पिंजरे घेऊन ओळखीच्या घरांतून, किराणा दुकानांच्या मागून, हॉटेलांच्या मोऱ्यांजवळून फिरायची. आमिषाला सुकट. चिचुंद्री भाकरीला भुलत नाही, तिला मासळीचा वास लागतो. पिंजऱ्यावर कापड टाकून रिक्षात बसले की रिक्षावाला नाक धरायचा. एक जण म्हणाला होता, "बाजी, इसमें क्या है? लई बू आ रही." मी म्हटलं, अभ्यास आहे. मी उतरेपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

माझी मोठी बहीण, म्हणजे अक्का, शहराच्या कडेलाच हर्सूलला दिलेली. आमचं माहेर पैठणकडं, शेतीवाडीचं. तिचं सासर तलावाच्या अंगाला, रस्त्यालगत पिठाची गिरणी आणि गिरणीला लागून मागं घर. दाजी गिरणी चालवायचे. घरात अक्का, दाजी आणि अक्काची सासू. मूल नव्हतं. दोनदा राहिलं, दोनदा गेलं.

एके दिवशी अक्काचा फोन आला. "तुला चिचुंद्र्या पाह्यजेत ना? इथं लई झाल्यात. पिठात लेंड्या पडायल्यात, गिऱ्हाईक बोंबलतंय. ये आन् घेऊन जा सगळ्या."

तिथं जायच्या आधी अक्काच्या सासूबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

मी तिला मावशी म्हणायची. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, तोंडात देवाचं नाव. दुसऱ्यांदा अक्काचं पोट पडलं त्या दिवशी दाजी बाहेरगावी गेले होते. गिऱ्हाईक परत जाईल म्हणून मावशीनं अक्काला त्याच दुपारी गिरणीवर उभं केलं. डबे उचलायला लावले. अक्कानं हे आईला सांगितलं तेव्हा मी तिथंच बसले होते. आई म्हणाली, "सासू हाय. बोलंल, राबवंल. घर तिचंच हाय." पुढं डॉक्टरांनी अक्काला अंगात रक्त नाही म्हणून अंडी खायला सांगितली. तिनं दोन अंडी आणून फडताळात लपवली. मावशीला सापडली. तिनं ती अक्काच्या डोक्यावर फोडली आणि तिला तसंच अंगणात उन्हात बसवलं. स्वतः उंबऱ्यात बसून माळ ओढत राहिली. मी तेव्हा शाळेत होते, सुट्टीला म्हणून गेले होते. संध्याकाळी अक्काच्या केसांत ते वाळून कडक झालेलं बलक मी माझ्या नखांनी खरवडून काढलं. केस तुटून येत होते. अक्का एकदाही 'आई गं' म्हणाली नाही.

तर त्या मावशीला मधल्या काळात लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. साखरेचं दुखणं तिला आधीपासून होतंच. मी अभ्यासात बुडालेली, अक्काकडं बरेच महिने गेलेच नव्हते. मावशी अंथरुणाला आहे एवढंच ऐकून होते.

मी पिंजरे घेऊन दुपारची पोचले. गिरणी चालू होती. अक्कानं मला पाणी दिलं आणि स्वतःच जागा दाखवत फिरली. इथं एक ठेव, पोत्यांमागं एक ठेव, चुलीमागं एक. घराच्या आत एक खोली होती, तिला बाहेरून कडी.

"या खोलीत?" मी विचारलं.

"तिथं नको."

"का? भिंत गिरणीची आहे, तिकडूनच येत असतील."

"तिथं नको म्हनलं ना. म्हातारी झोपलीय."

ती कणीक मळायला गेली. माझ्या पायाशी, कडी लावलेल्या दाराच्या फटीपाशी, ताज्या लेंड्या होत्या. आणि तो उग्र वास, जो एव्हाना माझ्या ओढणीला, केसांना, जेवणाच्या डब्यालाही लागलेला होता. मी कडी काढली.

खिडकीवर पोतं टांगलेलं. भिंतीत खाली एक भोक होतं, जुन्या इंजिनाचा पट्टा जायचा ते. खाटेवर मावशी. अंगावर साडी नव्हती, नुसतं एक चादरीचं फडकं, तेही गुडघ्यापर्यंतच. मी पाय पाहिला. उजव्या पायाची दोन बोटं टोकाला कुरतडलेली होती. नखं नव्हतीच. मांस दिसत होतं, त्यावर पिठाची बारीक पांढरी धूळ बसली होती. मावशीनं मान उचलून माझ्याकडं पाहिलं. घशातून एक आवाज काढला. दाराकडं पाहिलं आणि आवाज बंद केला.

दारात अक्का उभी होती. हाताला कणीक तशीच.

"हे काय आहे, अक्का?"

"दिसतंय की तुला."

"या चावल्यात हिला."

"चावतेत. आधी नखं कुरतडली, मंग बोटाला लागल्या."

"तुला माहीत होतं?"

"कडी मी लावते. मला नाय माहीत व्हनार तर कोनाला?"

अक्का खाटेजवळ आली. मावशीनं डोळे मिटून घेतले.

"त्या पायाला काय कळत नाय तिच्या," अक्का म्हणाली. "दुखत-बिखत नाय. पन दिसतं ना. मान उचलून बघती. एक येती, दोन येतेत, बोटापाशी बसतेत, आन् ही बघती. वरडता येत नाय. मी दारात उभी ऱ्हाते आन् तिच्याकडं बघते. ती बघायची ना मह्याकडं, उंबऱ्यात बसून? तसंच." मग तिनं अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "मला एक सांग. तू इतकं शिकलीस ह्यांच्यावर. ह्यांच्या दातात इख असतं का? मानूस मरतं का त्यानं?"

"नाही मरत."

"मंग काय कामाच्या," अक्का म्हणाली आणि कणकेकडं परत गेली.

मी पाणी तापवलं. अक्कानं पातेलं दिलं नाही, मी घेतलं. जखम धुतली, तेव्हा पीठ आणि रक्त मिळून लगदा झाला. जवळच्या दुकानातून मलम आणि पट्टी आणली. भोकात विटांचे तुकडे भरले, वर पोतं कोंबलं. आणि राहिलेले दोन पिंजरे खाटेखाली लावले, कारण ज्या आत दबा धरून असतील त्या बाहेर जाणार कुठून? आमिषाचा वास पसरला तसं मावशीचं तोंड वाकडं झालं. तिच्या घरात जन्मात मासळी आली नव्हती. मी तिला समजावलं, "मावशी, तुमच्यासाठीच लावतेय. आज चावणार नाहीत." तिनं तोंडाच्या चांगल्या बाजूनं माझ्यावर थुंकण्याचा प्रयत्न केला. थुंकी तिच्याच गालावरून उशीवर ओघळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पिंजरे भरलेले होते. एकात तर दोन चिचुंद्र्या, एकीनं दुसरीचा कान खाल्लेला. मी त्या प्रयोगशाळेत नेल्या. एवढ्या मोठ्या, एवढ्या भरलेल्या ग्रंथी आम्हाला आधी मिळाल्या नव्हत्या. सर खूश झाले. कुठून आणल्या विचारलं, मी सांगितलं. सगळंच सांगितलं, कारण मला ते कुणाला तरी सांगायचं होतं. सरांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"म्हणजे यांनी माणूस चावलाय? वारंवार?"

"हो, सर."

"मग विचार ना त्या बाईंना. चावल्यावर बधिर झाल्यासारखं वाटलं का? आसपासचं हलायचं थांबलं का?"

"सर, त्यांना लकवा आहे. वाचा नाही."

सर चुकचुकले. मला वाटलं, मावशीसाठी. ते म्हणाले, "अरेरे. म्हणजे ती निरीक्षणं काहीच उपयोगाची नाहीत."

हर्सूलहून निघण्याआधी मी दाजींशीही बोलले होते. गिरणीत उभं राहून बोलावं लागलं, पट्ट्याच्या आवाजात. "दाजी, तुमच्या आईचा पाय बघितलाय का तुम्ही?"

"काय?"

"पाय! आईचा!"

"ते बायाचं काम हाय," दाजी ओरडून म्हणाले आणि समोरच्या बाईच्या डब्यात पीठ धरलं. त्यांच्या पापण्या, मिश्या, कानाच्या पाळ्या सगळं पांढरं होतं. ते वाईट नव्हते. त्यांनी अक्कावर कधी हात उचलला नाही. त्यांच्या आईनं उचलला तेव्हा ते गिरणीत असायचे, एवढंच.

पुढच्या खेपेला मी गेले तर पट्टी मी बांधलेलीच होती, तशीच. सोडली. दोन्ही बोटं काळी पडली होती आणि वास येत होता, चिचुंद्रीचा नव्हे, कुजल्याचा. मी अक्काशी बोललेच नाही. दाजींना गिरणी बंद करायला लावली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले असेन. आम्ही मावशीला मालाच्या रिक्षात गादीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. निघताना अक्का दारात आली. मला वाटलं चादर-बिदर देते. ती म्हणाली, "नेऊ नकोस. मी सांगते तुला, नेऊ नकोस."

बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, चावण्यानं गेली नाहीत, साखरेनं गेली, आणि घाणीत पडून राहिल्यानं गेली. मावशी तिथं बरेच दिवस होती. अक्का एकदाही आली नाही. दाजी संध्याकाळी यायचे, खाटेच्या पायथ्याशी बसायचे, नखातलं पीठ काढायचे आणि जायचे. दिवसाचं मी बघायची. प्रयोगशाळेतून जाऊन-येऊन.

तिथं बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, डोक्याला सूज होती ती उतरली असेल, प्रयत्न केला तर वाचा येईल. त्यांनी मला दाखवून दिलं. गाल फुगवा, जीभ बाहेर, ओठ मिटून म, ओठ उघडून आ. मी रोज मावशीसमोर बसून तोंड वेडंवाकडं करायची. शेजारच्या खाटेवरच्या बायका हसायच्या. मावशी डाव्या हातानं माझी ओढणी धरून ठेवायची, मी उठू नये म्हणून. तिचं लाळेरं तोंड मी पुसायची. खोटं कशाला बोलू, मला ती आवडायला लागली होती. आजारी माणूस आपल्याच हातानं सुधारतंय हे बघण्यात एक नशा असते. एका सकाळी ती 'पानी' म्हणाली आणि मी इतकी ओरडले की नर्स धावत आली.

त्यानंतर शब्द येत गेले. देवाचं नाव आलं. मुलाचं आलं. मग एक दिवस माझी ओढणी ओढून ती म्हणाली, "चि-चुंद-री." आणि डोळे बारीक करून हसली.

इकडं प्रयोगशाळेत आम्ही त्या ग्रंथींचा अर्क काढून पिठातल्या अळ्यांना टोचत होतो. अळ्या थोडा वेळ निपचित व्हायच्या आणि मग परत चालायला लागायच्या. पुण्याला पाठवलेल्या नमुन्यांचं उत्तर आलं. एका तुकड्याची रचना त्या अमेरिकेतल्या चिचुंद्रीच्या पेप्टाइडाशी अर्धीमुर्धी जुळत होती. सरांनी पेढे मागवले. मला म्हणाले, "दगड होतीस, दगडातून काहीतरी निघालं." त्यांच्या तोंडून ही स्तुतीच होती.

मावशी घरी गेली आणि त्याच आठवड्यात बैठक बोलावली गेली. पैठणहून एसटीनं आमचे वडील, आबा, आणि आई आले. दाजींकडून त्यांचे चुलते आले, गावात सगळे ज्यांचा शब्द मानायचे असे. मलाही बोलावलं. मला वाटलं होतं, पुढं मावशीचं कोण करणार याची बोलणी असतील.

मावशीची खाट पुढच्या खोलीत आणली होती. स्वच्छ साडी, कपाळाला बुक्का. अक्का आतल्या दाराशी उभी. मावशीचे शब्द जड होते, पण प्रत्येक शब्द कळत होता.

"हिनं," ती म्हणाली आणि डावा हात अक्काकडं केला, "मह्या अंगावर चिचुंद्र्या सोडल्या. इख सोडलं. मह्या खाटंखाली मासळी ठिवली. त्या वासानं यायच्या."

"मावशी, मासळी मी ठेवली होती," मी म्हटलं. "पिंजऱ्यात. त्यांना धरायला."

तिनं माझ्या हातावरून बोटं फिरवली. "तू गुनाची हाईस. तुला हिनंच सांगितलं आसंल."

"नाही. ती तर नको म्हणत होती."

"बघा," मावशी चुलत्यांना म्हणाली. "चिचुंद्र्या धरू नको म्हनत व्हती."

चुलते सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला समोर बसवलं. "बाई, तू शिकलेली. ह्याच्यावरच शिकलेली. आमाला अडान्याला काय कळतं? तू म्हनशील ते आमी मानू. चिचुंद्रीत इख असतं का नसतं?"

नाही, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं का, मला माहीत नाही. पण तो अहवाल नुकताच आला होता, आणि मी खरंच समजत होते की खरं नीट उलगडून सांगितलं तर ती माणसं ऐकतील. मी म्हटलं, "विष नसतं, काका. विषाच्या नात्यातला एक तुकडा तिच्या लाळेत सापडलाय. पण त्यानं माणसाला काही होत नाही. अळीलासुद्धा नीट होत नाही."

"सापडलाय म्हनजे हाय."

"तसं नाही. ते ज्यातून तयार होतं ना, ते तुमच्या-माझ्या अंगातही असतं."

"आमच्या अंगात इख?" चुलते म्हणाले. दाजी हसले. आबाही हसले, घाबरून.

"मावशीची बोटं साखरेनं गेली, डॉक्टरांनी तसं..."

"ऱ्हाऊ दे, बाई," चुलते म्हणाले. "हाय म्हनलीस तू. सगळ्यानी ऐकलं."

तोवर अक्का खाली बघत होती. आता तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग होता असं मी म्हणणार नाही. ओळखीच्या रस्त्यावर नवीन खड्डा दिसावा तसं तिनं मला पाहिलं.

"तिला कामून इचारता?" ती म्हणाली. "मला इचारा की. कडी मी लावली. भोक मी बुजवलं नाय. बघत मी उभी ऱ्हायले. त्यात इख व्हतं का नव्हतं मला काय करायचं? असतं तर बरंच झालं असतं."

"गप," आबा म्हणाले.

"मह्या डोक्यावर अंडी फोडली तव्हा हे सगळे कुठं बसले व्हते? मव्हं रगत चाललं व्हतं आन् मी डबे उचलू राहिले, तव्हा कोनी बैठक बोलवली?"

"गप म्हनलं ना!"

"आबा, मला घरी न्या," अक्का म्हणाली. तिचा आवाज तेवढ्या एका वाक्यापुरता लहान झाला. "मी शेतात राबंल. गोठ्यात झोपंल. मला न्या."

आबांनी आईकडं पाहिलं. आई पदराशी चाळा करत होती. "घरी भाऊ हाय, भावजय हाय," आबा म्हणाले. "तुहं घर हेच. चुकलं म्हन आन् पाय धर."

मी म्हटलं, "आबा, तिला माझ्याकडं येऊ द्या. माझी खोली आहे."

"तू बोलू नको," हे अक्का म्हणाली. मला. "तू आता काहीच बोलू नको."

ती खाटेपाशी गेली. वाकणार तेवढ्यात मावशीनं डाव्या हातानं स्वतःचा उजवा पाय उचलला, ओंडका सरकवावा तसा, आणि खाटेच्या कडेला आणून ठेवला. तोच पाय, दोन बोटं नसलेला. अक्कानं त्याला हात लावला.

"डोकं," मावशी म्हणाली.

अक्कानं डोकं टेकवलं. मावशीनं तिला बराच वेळ उठू दिलं नाही. तिच्या केसांवर हात ठेवून ती माझ्याकडं बघत होती, आणि मी शिकवलं होतं तसे ओठ मिटून, ओठ उघडून, देवाचं नाव घेत होती.

त्यानंतर मी फोन केले, अक्कानं उचलले नाहीत. आईकडून निरोप धाडले, त्यांचं उत्तर आलं नाही. आई एवढंच म्हणायची, "नांदती हाय ना, मंग झालं तर."

माझा प्रबंध पूर्ण झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी चष्मा काढून विचारलं, "थोडक्यात सांगा, हे विष आहे का?" मी उत्तर दिलं, विष नाही, विषाच्या नात्यातला तुकडा आहे, माणसाला अपाय होतो असं दिसत नाही, तसला तुकडा बहुतेक सस्तन प्राण्यांत असू शकतो. ते सरांकडं वळून म्हणाले, "मुलगी मोजून-मापून बोलते." सर म्हणाले, "शिकवावं लागतं हो." चहा झाला, फोटो झाले.

शहरातल्याच एका कॉलेजात मला नोकरी लागली. एका रविवारी मी न सांगता हर्सूलला गेले. अक्का गिरणीवर उभी होती. दाजींची कंबर धरली होती म्हणून आता गिरणी तीच चालवायची. डोक्याला फडकं, नाकाला फडकं, मधे नुसते डोळे. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं मला पाहिलं, हातातला डबा वरच्या पेटीत ओतला आणि पट्टा चालू केला. त्या आवाजात मी 'अक्का' म्हटलेलं मलाच ऐकू आलं नाही. गहू संपला, तिनं यंत्र बंद केलं.

"अक्का, माझ्याकडं चल. आता मला पगार आहे. खरंच चल."

ती पीठ चाळत राहिली. मग म्हणाली, "तिला मुकी ऱ्हाऊ द्यायची व्हती. तेवढंच व्हतं मह्याकडं. मुकी व्हती तव्हा घरात पंखा फिरलेला ऐकू यायचा."

तेवढ्यात आतून हाक आली. शब्द आता चांगलेच सुटे झाले होते. "ए वांझोटे! कोन आलंय? कोनाशी बोलायलीस?" आणि मग मला ओळखून, एकदम मऊ, "मही लेक आली व्हय? आत ये, माय. आत ये."

मी आत गेले. मावशी तक्क्याला टेकून बसली होती, हातात काठी. ती काठी तिनं जमिनीवर दोनदा आपटली. माझ्या तोंडावरून डावा हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. "मव्हं तोंड हिनं उघडलं," ती आल्यागेल्याला सांगते म्हणे. दाजी कोपऱ्यात पेपर वाचत होते, त्यांनी मान हलवली.

"ताट आन हिला," मावशीनं ओरडून सांगितलं. "आन् हात धुऊन आन."

अक्का ताट घेऊन आली. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. माझ्यासमोर ठेवलं. तिच्या मनगटावर काठीचे वळ होते, एक जुना, पिवळा पडलेला, एक ताजा. मी हळूच म्हटलं, "बस, अक्का, पोट भरलं."

"भरलं कसं?" मावशी म्हणाली. "मह्या लेकीला आजून एक भाकर वाढ."

अक्कानं वाढली. मी खाल्ली. मावशी बघत होती. माझं ताट रिकामं व्हायच्या आतच तिनं परत काठी आपटली.